दहाव्यांदा उपटलेली तार

सव्वीस वर्षं थेटरात सिस्टर हाय मी, अंबाजोगाईला. मशीनला भीत न्हाई. पण परवाचं ऐका.

पुण्याचे मोठे डॉक्टर तिकडं बसून हात हलवणार, अन् आमच्या दवाखान्यात रोबोट किडनीतली गाठ काढणार. पहिला पेशंट आमचे मालक, म्हंजी माझे मिस्टर, माणिकराव. त्याआधी तपासणी. रोबोट बकऱ्याच्या किडनीला टाके घालताना मी पुण्याच्या लाईनची तार उपटायची. त्याचे हात जागेवर थांबले पाहिजेत. असं दहा वेळा.

आता आमची खोड सांगते. रजिस्टर आमी चहाच्या टायमालाच भरून ठेवतो. मी दहाही रकान्यांत आधीच 'थांबलं' लिहिलं, सही ठोकली. आमच्याकडच्या नव्या सत्यम डॉक्टरनं फोटो काढून पुण्याला पाठवला बी.

नऊ वेळा थांबलं. दहाव्यांदा तार माझ्या हातात, अन् रोबोट शिवतच राहिला. सावकाश तीन गाठी मारल्या. फोनवर पुण्याचे डॉक्टर म्हणाले, "माझा पडदा काळा झालाय. मी हात काढलेत."

 सत्यमला म्हणलं, "उद्याचं रद्द करा." तर हे कालचं पोरगं मलाच म्हणतं, "सिस्टर, मशीनच्या नोंदीत काहीच हललेलं नाही. अन् तुमच्याच अक्षरात दहा वेळा थांबलंय. काय सांगू पुण्याला?" हात दाखवून अवलक्षण! नोकरीच्या भीतीनं मी गप बसले. जळो माझं तोंड.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक टेबलावर. पडद्याला हात जोडून म्हणाले, "जयभीम, डॉक्टरसाहेब." मग गुंगी चढली. गाठ निघाली. किडनीचं रक्त चिमटा लावून अडवलेलं. अर्ध्या तासात शिवून चिमटा काढला न्हाई तर किडनी मरती. टाके निम्मे झाले, अन् पुण्याची लाईन गेली.

रोबोट थांबला न्हाई.

"मी हात काढलेत!" फोनवर पुण्याचे डॉक्टर ओरडत होते. बंद करायचं लाल बटण माझ्यापाशीच होतं. सत्यमनं माझा हात धरला. "दाबू नका सिस्टर, अर्ध्यात सोडलं तर चिमटा काढल्यावर रक्त आवरायचं नाही."

टाके नीट पडत होते. लई नीट. मग धागा संपला. रोबोटचा हात माझ्याकडं वळला, सुई धरायचं त्याचं तोंड उघडलं अन् नव्या सुईची वाट बघत राहिला.

"कोण हाईस रं तू?" मी इचारलं. 

किडनीला चिमटा लावून बावीस मिनिटं झाली होती. मी सुई दिली.