पहिला थांबा

प्रयागबाईनं चौथ्यांदा पिपेटचं बटण दाबलं, वजनकाट्यावर पाणी सोडलं. आकडा पुन्हा जास्तच आला.

"बाई, मालेगावले उतराचं अन् तुमी थेट मेडशीले पोचून राह्यल्या!" शेजारच्या टेबलावरून पंजाबराव ओरडला. तनुजा फिसकन हसली.

चेष्टा खोटी नव्हती. पिपेट म्हणजे मोजून पाणी ओढायची नळी; तिच्या बटणाला दोन थांबे असतात. पहिल्या थांब्यापर्यंत दाबायचं आणि पाणी ओढायचं. अंगठा पुढं गेला की पाणी जास्त येतं, कुणाच्या तरी वावराचा रिपोर्ट चुकतो. वाशिमच्या या माती तपासायच्या लॅबमध्ये एकोणीस वर्षं बाईचा अंगठा पहिल्या थांब्यावर नेमका थांबायचा. जुनी पिपेट एवढी कडक, की दाबताना तनुजाचे डोळे बाहेर यायचे. हातांना आराम पडावा म्हणून सायबांनी सोमवारी नवी आणली. लोण्यासारखी मऊ. सोमवारपासूनच बाईचे आकडे बिघडले.

सायबांनी सकाळीच बजावलं होतं, "आज चूक शोधा, पंजाबराव. मशीन खराब असेल तर परत पाठवू. हात खराब असेल तर माणूस बदलू."

"मशीनच खराब हाये," बाई म्हणाली. "याले थांबाच नाही. समजतच नाही."

"मले तं समजते," तनुजा बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

चहा आला. पंजाबरावानं वाफाळत्या ग्लासात चमचा बुडवून ठेवला, तनुजाला डोळा मारला आणि चोरपावलांनी बाईच्या मागं गेला. मागच्या महिन्यात त्यानं बाईच्या डब्यातल्या भाकरीखाली मिरचीचा ठेचा दडवला होता, तेव्हा ती रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशी ओरडली होती. त्यानं गरमागरम चमचा अलगद तिच्या अंगठ्यावर टेकवला आणि दुसरा हात कानावर ठेवला.

"धा-बारा दिवस जाऊ द्या," बाई खिडकीकडं बघत बोलत होती, "मंग बसन हात. नव्या चपलीचंबी तसंच असते."

चमचा अंगठ्यावरच होता. तनुजानं दाबून धरलेलं हसू विरून गेलं.

बाईची नजर खाली आली. आधी चमच्यावर, मग पंजाबरावावर.

"अगाई! जाळलं मेल्यानं!" ती किंचाळली.

पंजाबराव मांडीवर थाप मारून हसला. जरा जास्तच मोठ्यानं.

आतून सायबांनी विचारलं, "सापडली का चूक?"

"हो सायेब. मशीन..." पंजाबराव सांगू लागला.

"कायले खोटं बोलता, भाऊ," बाई हळूच म्हणाली.

ती स्टुलावरून उठली. पिपेट तनुजाच्या हातात दिली, तिला खांदे धरून स्टुलावर बसवलं. मग डाव्या हातानं मातीची पहिली पिशवी उचलली.

"मी नंबर वाचून देतो. अनसिंग. एकशे चार."

तनुजाचा अंगठा बटणावर जाऊन थांबला.

"ओढ ना, माये," बाई म्हणाली.