चहा मागितला म्हणे

माझा आवाज काय होता ते बाजार समितीत जाऊन विचारा. मी कांद्याचा लिलाव पुकारायला उभा राहिलो की शेवटच्या ट्रॅक्टरवर पेंगणारा शेतकरी दचकून उठायचा. शेतकऱ्याचं नाव, गाव, भाव, व्यापाऱ्याचं नाव, सगळं एका दमात. माईकला मी कधी हात लावला नाही. मग मेंदूत रक्ताची गाठ अडकली, उजवं अंग लुळं पडलं आणि तो आवाज एका सकाळी बंद झाला. वर्षभराच्या मेहनतीने तो परत आला. घरच्यांचं म्हणणं, जरा जास्तच परत आला.

या आजारपणातली एक गोष्ट आमच्या नात्यागोत्यात गाजलेली आहे. दवाखान्यात मी बरेच दिवस मुका पडून होतो आणि तोंड उघडल्यावर पहिला शब्द काय बोललो, तर चहा. हे आमच्या हिनेच नर्सला सांगितलं आणि नर्सने दवाखानाभर केलं. तेव्हापासून कोणाच्याही घरी गेलो की 'केरूनानांना आधी चहा द्या, नाहीतर बोलायचे बंद होतील' हे ठरलेलं. मीही हसतो. पण खरं सांगायचं तर ते मला आतून टोचतं. बायको अन्नपाणी सोडून उशाशी बसलेली आणि नवऱ्याला आठवतो चहा, म्हणजे काय माणूस म्हणायचा हा? मला स्वतःला त्या दिवसांतलं काहीच आठवत नाही. एकदा मी हिला विचारलं, खरंच चहा म्हणालो का गं? तर म्हणाली, मग मी काय खोटं सांगते? आणि उठून स्वयंपाकघरात गेली.

आता प्लॅनचं सांगतो. आमचा महेश पुण्याला असतो. त्याने सगळ्या घराला मिळून क्लाउडचा एक फॅमिली प्लॅन घेतला. फोनमधले फोटो, व्हिडिओ आपोआप वर जाऊन साठतात, फोन पाण्यात पडला तरी ते शाबूत राहतात, असं त्याने मला समजावलं. त्याला वाटलं, मला कळणार नाही. मला लगेच कळलं. ही आपल्या गच्चीवरची टाकी. टाकी एक आणि नळ प्रत्येकाच्या घरात. कोणी किती वापरलं ते कळतं, कशाला वापरलं ते कळत नाही, आणि एकाने हात सैल सोडला की भोगायचं सगळ्यांनी.

आणि भोगायची वेळ आलीच. आमची हर्षाली कळवणला दिलेली. तिला मुलगी झाली, आमची पहिली नात. बाळ जांभई देतंय, बाळ शिंकतंय, बाळाच्या पायाला काळा दोरा बांधला, प्रत्येकाचे दहा दहा फोटो. रविवारी बारसं होतं आणि शुक्रवारी तिचा रडवेला फोन आला. तिचा फोन भरला होता, वरची जागाही संपली होती आणि आता एक फोटो जाईना. बारशाचं काही राहणारच नाही, म्हणाली. माझं डोकं फिरलं. नातीच्या बारशाला जागा नाही म्हणजे काय?

संध्याकाळी महेशने सगळ्यांना व्हिडिओ कॉलवर घेतलं आणि कोणी किती जागा खाल्ली ते वाचून दाखवलं. त्याची स्वतःची थोडी. हर्षालीची त्याहून जास्त. माझी बऱ्यापैकी. मग तो थांबला आणि म्हणाला, "निम्म्याहून जास्त आईची आहे."

मी हिच्याकडे बघतच राहिलो. ही फोनवर करते काय, तर बहिणीशी बोलणं आणि गॅसचा नंबर लावणं. मी सुरू झालो. भजनं साठवली असतील, नाहीतर वड्यापापडांचे व्हिडिओ, बायकांना एक काही मिळालं की ठेवून द्यायची सवय, डबे काय, पिशव्या काय आणि आता हे. लिलावाचा सूर लागला होता, थांबायला तयार नव्हता. ही मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी नाय काढायची."

लग्न झाल्यापासून तिने मला असं सरळ नाही म्हटलेलं नव्हतं. नात मोठी की तुझी भजनं, असं मी विचारलं. त्यावर तिने मेथीची जुडी खाली ठेवली आणि तुमचंच काढा की मग, असं सांगून आत गेली. माझं काय काढणार? माझ्याकडे बाजार समितीतल्या जुन्या सोबत्यांनी पाठवलेले लिलावाचे व्हिडिओ होते. ते मी रोज बघतो. आता कोण पुकारतं, कसं पुकारतं, कुठे चुकतं, हे बघायला नको? ते फार कामाचे होते.

शनिवारी सकाळी ती बारशाच्या लाडवांसाठी हरभऱ्याची डाळ घेऊन गिरणीत गेली. फोन चार्जिंगला लावलेला होता. आमच्याकडे कोणाच्या फोनचं कुलूप कोणाला ठाऊक नाही असं नाही. मी ठरवलं, ती यायच्या आत चारदोन भजनं उडवून टाकू, तिला पत्ताही लागणार नाही. चष्मा लावला, फोन उघडला आणि व्हिडिओंवर बोट ठेवलं.

भजन एकही नव्हतं. सगळीकडे मीच होतो.

मी खाटेवर बसलेलो, समोर कांदा धरलेला आणि तोंडातून नुसती हवा निघतेय. मी खिडकीशी, 'पाणी' म्हणायला जातोय आणि 'पापा' होतंय. मी ताट ढकलून देतोय. मी रडतोय. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी रोजचा सराव फोनमध्ये घ्यायला सांगितलं होतं, तेवढं आठवलं. डाळीच्या डब्याला टेकवून ही फोन ठेवायची. पण तिने त्यातला एकही काढून टाकला नव्हता. मागून तिचा आवाज यायचा, "परत म्हणा. घाई नाय." कुठेही वैताग नाही. एका ठिकाणी मी 'कांदा' म्हणालो आणि ती टाळ्या वाजवत होती. मला लाज वाटली. माझा आवाज परत येतानाचं एवढं सगळं हिने जपून ठेवलं होतं आणि मी ते पुसायला बसलो होतो.

मी सरकवत सरकवत अगदी पहिल्या व्हिडिओपर्यंत गेलो. दवाखाना. नाकात नळी, तोंड एका बाजूला ओघळलेलं, डोळे छताला. तिचा आवाज आला, "अहो, बोला ना काहीतरी. चहा म्हणा. चहा पाहिजे का?" मी छताकडेच बघतोय. ती परत म्हणाली, चहा म्हणा. मग माझे डोळे हळूहळू तिच्याकडे वळले, ओठ हलले आणि मी म्हणालो, "कुसा."

इथे आमची रीत सांगायला हवी. आमच्या घराण्यात बायकोला नावाने हाक मारत नाहीत. वडिलांनी मारली नाही, आजोबांनी मारली नाही. अगं, ऐकलं का, फार तर महेशची आई. हिचं नाव कुसाबाई, पण लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. रेशनच्या दुकानात बायकोचं नाव विचारलं की मी कार्ड पुढे सरकवायचो. दिवसभर अख्ख्या तालुक्याची नावं घसा फोडून पुकारणारा माणूस मी, पण हे एक नाव माझ्या तोंडून निघालं नव्हतं.

व्हिडिओ एकदम हलला, फोन चादरीवर पडला असावा, कारण पुढे नुसता अंधार होता. मागून कोणा बाईचा आवाज आला, "बोलले का हो? काय म्हणाले?" मग आमची ही म्हणाली, "चहा मागतायत."

मी तो परत लावला. आणि परत. मग माझा फोन घेतला आणि लिलावाचे सगळे व्हिडिओ काढून टाकले. कचऱ्याची पेटीसुद्धा रिकामी केली. सकाळी येणारी फुलं, सूर्य, शुभेच्छा, सगळं उडवलं. थोड्या वेळाने हर्षालीचा निरोप आला, बाबा, फोटो जायला लागले. मी उठलो आणि गॅसवर चहा ठेवला. एका हाताने अजून नीट जमत नाही, थोडा सांडला.

गॅलरीत आलो तर ती कमरेवर पिठाचा डबा घेऊन गल्लीतून येत होती. हळू हाक मारायची असं माझ्या मनात होतं. पण गळ्याला सवय एकच.

"कुसा!"

किराणावाला दुकानाबाहेर आला. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई थांबली. आमची ही जागच्या जागी उभी राहिली आणि वर बघू लागली. मी म्हणालो, चहा ठेवलाय, ये लवकर. तिने पदर तोंडाला लावला. हसली की रडली, ते वरून दिसलं नाही.

वर आल्यावर तिने डबा ठेवला, चार्जिंगला लावलेल्या फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हणालो की तुझं काहीच काढलं नाही, माझं काढलं. ती पाटावर टेकली.

"नर्सबाई समोर उभी होती," ती म्हणाली. "तिला काय सांगणार होते मी?"

मी कप तिच्या हातात दिला. चहात मी साखर घालायला विसरलो होतो, ते मला माझा घोट घेतल्यावर कळलं. तिने तोवर अर्धा संपवला होता, आणि उरलेलाही तसाच संपवला.