पुलावर पाजलेलं दूध

करमाडहून निघालेली क्रूझर गाडी बारापुल्ल्याच्या पुलाअलीकडं थांबली. अकरा बायका, टाळांची पिशवी आणि झेंडूचा हार एवढं सगळं खाली उतरलं. हार दगडाबाईंच्या हातात होता. बन्सी महाराजांच्या गळ्यात हार घालायचा मान गावानं त्यांनाच दिलेला. कीर्तन म्हटलं की ही बाई चुलीवरचं कालवण सोडून धावायची. महाराजांचा शब्द निघाला की संपलं, त्यापुढं विचारायचं काही उरायचं नाही.

फक्त मागचं एक कीर्तन मोतीबिंदूच्या ऑपरेशनपायी हुकलं होतं. त्यातच म्हणे महाराजांनी या पुलाची गोष्ट सांगितली, आणि तेव्हापासून खामनदीवरचा हा जुना दगडी पूल बघायला गावोगावची मंडळी येत होती. "आक्का, तुम्ही पायजेच," असा महाराजांचा निरोप आला. कोणती गोष्ट ते बायका सांगेनात. "तिथंच ऐका, अंगावर काटा येतो."

दगडाबाईंच्या अंगावर काटा पुलावर पाय ठेवतानाच आला. अडतीस वर्षांत त्या इथं फिरकल्या नव्हत्या.

महाराज कठड्याशी उभे राहिले. दगडाबाईंच्या लेकीनं, सरितानं, मोबाईल वर धरला.

"एक लेकुरवाळी," महाराजांनी सूर लावला, "सासरच्या जाचाला कंटाळून इथं उभी होती, पाण्याकडं बघत! अंगावरचं दूध आटलेलं. तीन महिन्यांची पोर रडून रडून निळी पडलेली. तेवढ्यात हिरव्या लुगड्यातली एक बाई आली. पोर पदराखाली घेतली, पोटभर पाजली, आणि बघता बघता दिसेनाशी झाली. कोण होती ती? बोला!"

"रुक्मिणीमाता!" बायकांनी हात जोडले. दोघीतिघींनी डोळ्याला पदर लावला.

दगडाबाईंच्या हातातला हार खाली आला.

मागच्या चैतात, कीर्तन उरकून महाराज त्यांच्या ओसरीवर पिठलं-भाकरी खात होते. घरात दुसरं कुणी नव्हतं. तेव्हा उभ्या जन्मात पहिल्यांदा त्या बोलल्या होत्या. "म्हाराज, माझ्या पोरीला परधर्माच्या बाईनं पाजलंय. पाप लागलं का हो तिला?" महाराजांचा घास हातातच राहिला होता. "आक्का, पाजणारी ती आईच. पाप कसलं? आणि ही गोष्ट माझ्या पोटात राहील." त्या रात्री दगडाबाईंना कशी गाढ झोप लागली होती!

दिसेनाशी झाली म्हणे! बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन चाललेल्या त्या बाईनं, जाहेदानं, दगडाबाईंचं मनगट असं धरलं होतं की वळ उठले. पुलापलीकडच्या आपल्या घरी नेलं, दोन दिवस ठेवून घेतलं, करमाडला भावाकडं माणूस धाडला. तेव्हापासून दगडाबाई करमाडलाच.

"म्हाराज," दगडाबाई म्हणाल्या, "ती जाहेदा व्हती."

"ऊन लागलं वाटतं आक्काला," मागून कुणीतरी हसलं. "नव्या डोळ्यानं भलतंच दिसायलंय!"

महाराजांनी त्यांना बाजूला घेतलं. आवाज मधाळच होता. "आक्का, तुमचं नाव घेतलं का मी? तुमची अब्रूच राखली. लोकांना देव दिसला पायजे."

"मला दिसला व्हता देव. तुम्ही त्यालाच पुसून काढलं. अन् पोटात ठिवतो म्हणला व्हता."

सरिताचा मोबाईल खाली आला होता. "माय, ती पोर..."

"तूच."

"म्हणजे ईदेला शीरखुर्म्याचा डबा धाडती ती..."

"तीच."

सरितानं तो डबा कधी उघडलासुद्धा नव्हता. 'बांगडीवाली वळखीची हाय' एवढंच मायनं सांगितलं होतं. डबा धुऊन, त्यात गूळ-शेंगदाणे भरून दगडाबाई परत धाडायच्या. स्वतः मात्र एकदाही गेल्या नव्हत्या. सासरच्यांना कळलं तर, या भीतीनं आधी. सासरचे गेल्यावर, सवयीनं.

महाराज क्षणभरच गडबडले. मग दोन्ही हात उंचावून गरजले, "पाहा माऊली! रुक्मिणीमाय कुणाचं रूप घेऊन आली! जाहेदाचं! सरिताताई, धरा मोबाईल, हे पुन्हा घेऊ."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. सरितानं मोबाईल पर्समध्ये टाकला.

कथा संपली तशी महाराजांनी सवयीनं मान पुढं केली. दगडाबाई समोरच उभ्या होत्या, हार हातात. ती वाकलेली मान त्यांनी बघितली. याच माणसाच्या तोंडून निघालेल्या देवासाठी आपण रात्र रात्र जागलो. हात काही उठला नाही. हार कठड्यावर ठेवून त्या पुलाच्या पलीकडच्या टोकाकडं चालू लागल्या.

"आक्का, गाडी इकडं हाय!"

त्यांनी मागं बघितलं नाही. सरिता धावत आली, बरोबरीनं चालू लागली.

"माय, ती वळखील का मला?"

"तुला वळखील गं," दगडाबाई म्हणाल्या. "मला दारात घेती का, ते बघू."