वॉर्ड सातचं रजिस्टर

नगरपालिकेच्या तळमजल्यावर अठरा वर्षं कागद सांभाळणाऱ्या बाईंना सगळे रेकॉर्डबाईच म्हणायचे. स्वभाव महासंशयी. कुणी जन्मदाखला मागितला, तर हा मुळात जन्मला तरी का, अशा नजरेनं बघायच्या. त्यात शहर सीमेवरचं. बाजार संपला की चौकीचा दांडा आडवा, आणि पलीकडच्या गच्च्यांवर वाळणारे कपडे इकडून मोजता यायचे. अशा ठिकाणी संशय कुणाला शिकवावा लागत नाही.

एक दिवस नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले मास्तर आले. शाळांसाठी ‘आपले शहर’ नावाची पुस्तिका लिहीत होते. पालिका कधी स्थापन झाली, पाण्याची टाकी कुणी बांधली, वॉर्ड किती, असलं निरुपद्रवी दोन दिवस विचारून झालं. तिसऱ्या दिवशी आवाज खाली आणून मास्तर म्हणाले, “वॉर्ड सातचं घरांचं रजिस्टर काढता का? सीमा आखली त्या वर्षीचं.”

त्याच वर्षी बाईंचे आजोबा सीमेपलीकडून आले होते, आणि वॉर्ड सातमधल्या त्यांच्या घरात आई आजही राहत होती. वडील जाताना बजावून गेले होते, “आपली नोंद कच्ची आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची.” बाईंनी अठरा वर्षांत ते रजिस्टर उघडलंच नव्हतं. खरंच कच्ची निघाली तर?

“पोरांच्या पुस्तकात घरांच्या नोंदी कशाला?”

मास्तरांनी दाराकडे पाहिलं. “आहे काम. मुख्याधिकारी साहेबांच्या कानावर मात्र घालू नका.”

झालं. बाईंची खात्रीच पटली, हा नोंदी उकरून चुगली करणार. “वाळवीनं खाल्लंय ते,” त्या म्हणाल्या.

“मग तसं लेखी द्या.”

नागरिकशास्त्राचा माणूस, तोंडी उत्तरावर थोडाच जाणार. बाईंनी लिहून दिलं, सही केली, शिक्का मारला. संध्याकाळी रजिस्टर पिशवीत घालून आईच्या घरी नेलं आणि तिच्या कपाटात चादरींखाली ठेवलं. त्या रात्री त्यांना छान झोप लागली.

पंधरा दिवसांनी वॉर्ड सातमधल्या एकतीस दारांवर नोटिसा लागल्या. घर नोंदीत असल्याचा पुरावा महिन्यात द्या, नाहीतर जागा सोडा. एक नोटीस आईच्या दारावर होती. बाई तडक मास्तरांकडे गेल्या. हाच तो चुगलखोर, असं मनात घोळवतच गेल्या.

“नोटिसा निघणार हे मला आधीच कळलं होतं,” मास्तर थकल्यासारखे म्हणाले. “म्हणूनच रजिस्टर हवं होतं. पालिकेनं रीतसर ठराव करून त्या लोकांना जागा दिली होती. माझे वडील तेव्हा पालिकेत शिपाई होते, ते सांगायचे, ठराव पहिल्याच पानावर आहे.”

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“तुम्ही साहेबांचं माणूस वाटलात.”

बाई धावत आईच्या घरी गेल्या. चादरी भिरकावून रजिस्टर काढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा उघडलं. ठराव होता, अध्यक्षांची सही होती, एकतीस नावं होती. चौथं नाव आजोबांचं, ठसठशीत, पक्कं. वडिलांचा त्यांना इतका राग आला की रडू फुटलं.

रजिस्टर घेऊन त्या परत मास्तरांकडे आल्या. मास्तरांनी ते पान दोनदा वाचलं.

“सापडलं म्हणून उद्याच देऊ,” बाई म्हणाल्या.

मास्तरांनी फाइलमधून एक कागद काढून पुढे सरकवला. बाईंच्याच पत्राची प्रत होती. “पालिकेनं पुरावा नीट सांभाळला नाही, अशी तक्रार मी केली होती. सोबत हे जोडलं होतं. त्यावर साहेबांचा शेरा वाचा.”

मूळ नोंद नष्ट. यापुढे कुणी सादर केल्यास बनावट समजावी.

“मी सांगेन ना हे खरं आहे म्हणून,” बाई म्हणाल्या. “नोकरी गेली तरी चालेल.”

“सांगाल हो. पण नष्ट झालं म्हणून सही कुणाची आहे? रजिस्टर निघालं कुणाच्या घरातून? आणि चौथं नाव कुणाच्या आजोबांचं?”

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. पलीकडून आई विचारत होती, सामान बांधायला घेऊ का.