तारामतीच्या हद्दीचा दगड

नळदुर्गच्या अलीकडं नवा बायपास झालाय. तिथल्या एका ढाब्यासमोर मी पडलेला असतो. ट्रक थांबला की क्लीनर मला उचलतो आणि चाकामागं लावतो. ट्रक निघाला की पायानं बाजूला लोटतो. तुम्ही चहा पिताना मला पाहिलंही असेल. पण माझं खरं काम हे नव्हे. मी हद्दीचा दगड होतो.

दाविदबाबांनी मला नाल्यातून काढून घडवलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या विहिरी खोदून त्यांनी इथं तीन एकर माळ घेतला होता. कोपऱ्यात खड्डा करून त्यांनी आधी ओंजळभर कोळसा टाकला. कोळसा कुजत नाही. उद्या कुणी दगड सरकवला तरी खालचा कोळसा खरी जागा सांगतो, अशी इकडची रीत. मग मला उभं करून त्यांनी डोकं झुकवलं. "देवा, जमीन तुझी, आमी राखणदार. शेजाऱ्याची वीतभर आमच्यात येऊ देऊ नको, आमची त्याच्यात जाऊ देऊ नको."

शेजारी होता कल्याणप्पा. त्याच्या गळ्यात लिंग, तर दाविदबाबांचा मुलगा शमुवेल दर रविवारी प्रार्थनेला जाणारा. पण दोघं माझ्यावर भाकरी ठेवून जेवायचे. पुढं शमुवेल तापानं गेला. गावात ख्रिस्ती माणसाला पुरायला जागा नव्हती. म्हणून त्याची बायको तारामती हिनं त्याला माझ्याजवळ, आपल्याच मातीत ठेवलं. त्याच्या डोक्याशी मी उभा. कबरीवर दुसरी खूण नव्हती.

तारामती एकटी ज्वारी पेरायची. दमली की मला टेकून बसायची.

एके दिवशी नव्या रस्त्यासाठी पिवळ्या टोप्यांची माणसं आली आणि शेतातून आरपार चुन्याची रेघ मारत गेली. रेघ शमुवेलच्या छातीवरून गेली. पुढच्या शिवारात शेंदूर लावलेला म्हसोबा होता. तिथं मात्र ती वळली आणि कल्याणप्पाचं रान वाचलं.

त्या रविवारी शेतातच प्रार्थना झाली. पाळकसाहेबांनी अधिकाऱ्यांसाठीही प्रार्थना केली. तारामतीनं विचारलं, "पाळकसाहेब, सरकारचं ऐकावं म्हणता. पर चोरी करू नये ही देवाची आज्ञा सरकारला सोडून दिलीय का?"

"न्हाय बाई. सरकारच्या वरबी धनी हाय. त्याच्यापुढं सरकारलाबी उभं ऱ्हावं लागणार."

"कवा?"

पाळकसाहेबांनी बायबल मिटलं. "ते मला ठाऊक न्हाय."

मग एका दुपारी कल्याणप्पा आला. स्वतःचं रान वाचल्यामुळं त्याची मान वर होत नव्हती. "वहिनी, दगडाला शेंदूर लावा. नारळ म्या आणतो. जेसीबीचे डायवर देवाला हात लावत न्हाईत."

"अण्णा, तुमी लिंगाचे माणूस, म्हसोबा कवापास्नं करायला लागले?"

"चेष्टा करू नका. शमुवेल माझा जिवाचा हुता."

"म्हणून तर त्याच्या उशाला खोटं नको."

कल्याणप्पा परत गेला. पण मशीन येणार त्या दिवशी उजाडायच्या आत तो चोरपावलांनी आला. त्यानं मला धुतलं, शेंदूर फासला, झेंडूचं फूल ठेवलं.

सकाळी जेसीबी आला. त्याच्या मागं साहेब आले, पोलीस आले. डायवरनं मला पाहिलं आणि मशीन बंद केलं. चप्पल काढून त्यानं हात जोडले. "साहेब, देव हाय हितं. म्या न्हाय लावणार मशीनचे दात."

साहेब वैतागले, पण घाबरलेही. "मावशी, हे देवस्थान आहे का? खरं सांगा. असेल तर वर कळवून रेघ वळवावी लागेल."

सगळे तारामतीकडं बघायला लागले. कल्याणप्पा लांबून होकाराची मान हलवत होता. मलाही तोंड असतं तर मी ओरडलो असतो, बाई, व्हय म्हण.

तारामती माझ्याजवळ बसली. पदरानं माझा शेंदूर पुसायला लागली. तिचा पदर लाल झाला.

"न्हाय साहेब. ह्यो आमच्या हद्दीचा दगड हाय. अन् हितं माझा मालक हाय."

साहेबांचा जीव भांड्यात पडला. "मावशी, शेवटी जमीन सरकारचीच असते. तुम्ही फक्त वापरता."

"जमीन देवाची, साहेब. त्यानं ती राखायला आमाला दिली. अन् आमाला राखायला तुमाला दिलं."

साहेबांनी मोबाइलकडं पाहिलं आणि डायवरला हात केला.

मी उपटला जाऊन कडेला पडलो. खालचा कोळसा वर आला. दाविदबाबांनी टाकला तसाच होता, काळाभोर. कुणी पाहिला नाही. चाकांनी तो मातीत मिसळला.

"वहिनी, एक शब्द!" कल्याणप्पा कपाळ बडवत होता. "एवढा एक शब्द बोलायचा हुता!"

"अण्णा, त्यांनी जोर करून घेतली. म्या खोटं बोलून राखली असती, तर त्यांच्यात अन् माझ्यात हद्द कुठं ऱ्हायली असती?"

कल्याणप्पानं तिला घरी नेलं.

शमुवेलला दुसरीकडं न्यायला वेळ देऊ, असं साहेब म्हणाले होते. पण दुपारपर्यंत कबरीवर खडी पडली.

आता ती मजुरीला जाते. ईस्टरला, पुनरुत्थानाच्या सणाला, मेणबत्ती घेऊन येते. सगळीकडं सारखंच डांबर, मधून गाड्या धावतात. माळाची एकही खूण उरलेली नाही. ती कडेकडेनं चालते आणि कल्याणप्पाला विचारते, "अण्णा, हितंच का?"

"थोडं पुढं असंल, वहिनी."

मग दोघं पुढं जातात आणि कुठंतरी मेणबत्ती लावतात. ट्रकच्या वाऱ्यानं ती लगेच विझते.

मी चाकाखालून बघत असतो. बरोबर जागा फक्त मला माहीत आहे, आणि मला बोलता येत नाही. तुम्ही ढाब्यावर चहाला थांबलात आणि ती दिसली, तर तिला एवढंच सांगा, बाई, पुढं नको. थोडं मागं ये.