भोकं असलेला माल

आमचे हे जन्मभर ओतकामाच्या कारखान्यात तपासनीस होते. ओतलेल्या लोखंडात टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसलं, की माल बाद. घरातही तीच खोड. मी आणलेली कढईसुद्धा उलटीसुलटी करून बघितल्याशिवाय ह्यांना चैन पडायचं नाही.

अशा माणसाचा खुबा बदलावा लागला. ऑपरेशननंतरच्या पहिल्याच तपासणीला डॉक्टरीणबाईंनी आत बसवलेल्या सांध्याचा नमुना हौसेने हातात दिला. धातूची वाटी, बाहेरून सगळी खरखरीत, बारीक बारीक भोकांची.

"ही भोकं मुद्दाम ठेवलेली असतात, काका. तुमचं हाड वाढून त्यांत शिरतं आणि वाटी पकडून ठेवतं. पण तोवर ती हलता कामा नये. तुमचं हाड जरा ठिसूळ आहे, म्हणून मी सांगेपर्यंत त्या पायावर भार नको."

ह्यांनी वाटी खिडकीशी धरली, नखाने खरवडली आणि परत दिली. चेहरा असा, की मी मनात म्हटलं, झालं कल्याण.

"असला माल मी दारातूनच परत पाठवला असता," घरी आल्यावर म्हणाले.

"तुमच्या कारखान्यातला नाहीये तो," मी म्हटलं. आणखी समजूत घालायचं त्राण नव्हतं. उठवा, टेकू द्या, न्हाणीघरात न्या, स्टुलावर बसवा, परत आणा. संध्याकाळपर्यंत माझी कंबर कामातून गेलेली असायची. एकदाचं ते हाड धरू दे, हा माणूस आपल्या पायांनी चालू दे, की मी दुपारी जरा आडवी होईन. याहून मोठी इच्छा माझ्याकडे उरलीच नव्हती.

न्हाणीघराची कडी मात्र हे आतून लावून घ्यायचे. "माणसाला काही लाज असते की नाही?" म्हणायचे. मी बाहेर भिंतीला टेकून डोळे मिटायची. तेवढीच विश्रांती.

मग ह्यांच्या जांघेत दुखायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरला. वाटी आणि हाड यांच्यामध्ये बारीक काळी रेघ होती.

"हाड शिरलंच नाही. मध्ये नुसता मऊ पापुद्रा आलाय. पायावर भार दिलात का?"

"छे हो," मी म्हटलं. "मी पाय टेकू देत नाही."

"दिला," हे म्हणाले. "रोज. कडी लावून त्याच पायावर उभा राहायचो आणि कमरेतून पीळ द्यायचो. करकरतंय का बघायला."

"त्यानेच हललं. पुन्हा उघडावं लागेल," बाई म्हणाल्या. "आणि मग सगळं पहिल्यापासून."

मला धड रागही आला नाही. बाहेरच्या बाकावर ह्यांना बसवलं आणि विचारलं, "कसली एवढी तपासणी अडली होती?"

"माल खोटा असला तर लवकर कळलेला बरा, वाटलं. बाद निघाला असता, तर चाकाची खुर्ची मागवणार होतो. तू तरी सुटली असतीस. तुझी कंबर दिसते मला." मग म्हणाले, "चिडलीस?"

"चिडायलाही अंगात जोर लागतो."

आतून ऑपरेशनची तारीख घ्यायला बोलावलं. मी खांदा पुढे केला. ह्यांनी हात ठेवला, पण नुसता टेकवल्यासारखा, सगळा तोल स्वतःच सावरत. ऑपरेशनचा पाय जमिनीवर टेकला होता.

"त्या पायावर नको," मी म्हटलं. "माझ्यावर टाका. सगळं."

त्यांनी टाकलं. माझ्या कमरेतून कळ पार मानेपर्यंत गेली. आम्ही चालायला लागलो.