केसाएवढे काटे

“हा दुखला का?”

“थोडा.”

“अजून काढलाच नाही मी.”

मास्तरांनी तळहात खिडकीच्या उजेडात तसाच धरून ठेवला आणि बाहेर बघितलं. चिमटा बायकोच्या हातात असताना वाद घालण्यात अर्थ नव्हता.

मास्तर शाळेतले नव्हेत, शिवणकामातले. आजूबाजूच्या निम्म्या घरांच्या कमरेची मापं त्यांना पाठ होती आणि ती त्यांनी कधी कुणाला सांगितली नाहीत, म्हणून त्यांना मान होता. कापड नुसतं चिमटीत धरून ते पहिल्या धुण्यात किती आटेल हे सांगायचे. मग मधुमेहाने ती चिमूट हळूहळू बधिर केली. सुई कापडात गेली की आपल्या बोटात, हे गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या सदऱ्यावर लाल ठिपका उमटल्यावर कळू लागलं. त्यांनी दुकान बंद केलं आणि सगळ्यांना, मुलालासुद्धा, डोळ्यांचं कारण सांगितलं. डोळे जाणं वयाला शोभतं. शिंप्याची बोटं गेली म्हटलं, की मग उरलं काय, असं लोक विचारत नाहीत, पण चेहऱ्यावर आणतात.

रिकामा माणूस एक तर देश सुधारतो, नाही तर कुंड्या आणतो. मास्तरांनी कुंड्या आणल्या आणि गच्चीवर फड्या निवडुंग लावला. त्याचा फडा कापायचा, सावलीत ठेवायचा, कापलेल्या जागी खपली धरली की खडी मिसळलेल्या मातीत रोवायचा आणि पाणी न घालता गप्प बसायचं. यातलं शेवटचं भल्याभल्यांना जमत नाही. मास्तरांना छान जमलं. फड्यांवर कापसासारखी पांढरी कीड धरायची, ती साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या चिंधीने पुसायची. चिंध्यांची त्यांच्याकडे ददात नव्हती.

हे सगळं ते उघड्या हातांनी करत. मोठे काटे दिसतात, ते चुकवता येतात. पण त्यांच्या बुडाशी केसाएवढ्या काट्यांचे झुबके असतात, ते फक्त टोचल्यावर कळतात. मास्तरांना कळत नसत. खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडक्लार्क म्हणायचे, झाडं ओळखतात हो तुमचा हात. मास्तर नम्रपणे हसायचे. संध्याकाळी बायको चिमटा घेऊन बसायची आणि बाहेर बोलायची नाही.

मुलगा आणि सून नोकरीला गेले, की तीन वर्षांची नात आजोबांचं बोट धरून घरभर हिंडे. दिवसातलं मास्तरांचं खरं काम तेवढंच.

एका सुट्टीच्या सकाळी कीड पुसून, हात स्वच्छ धुऊन ते खाली आले. नात धावत आली. त्यांनी दोन्ही हातांनी तिचे गाल धरले. ती किंचाळली.

सून धावत आली. मास्तर म्हणाले, काही नाही, नुसता हात लावला. ते खरंच होतं. बायकोने बॅटरी आणून गालावर तिरका उजेड पाडला. केसाएवढे पिवळसर काटे चमकले. मुलाने पोरीचं डोकं धरलं आणि सून चिकटपट्टी लावून ओढत राहिली. पोरीने घर डोक्यावर घेतलं. ते आटोपल्यावर सुनेने सासऱ्यांचा हात उलटा करून बघितला.

“बाबा, अहो, किती आहेत हे. तुम्हाला कळलं नाही?”

बायको म्हणाली, “अगं, त्यांचं लक्ष नसतं...”

“नाही कळलं,” मास्तर म्हणाले. “बोटांना कळत नाही माझ्या. डोळे ठीक आहेत.”

मुलगा म्हणाला, “म्हणजे दुकान...”

“हो.”

संध्याकाळी मुलाने भांडी घासायचे गुलाबी रबरी हातमोजे आणून दिले. माणसं भली होती. कुंड्या काढा असं कुणी म्हणालं नाही. फक्त नात त्यांच्याकडे निघाली, की सून हाक मारायची, इकडे ये, आजोबा दमलेत. कारखान्यासारखं दुकान चालवलं त्या दिवसांतही मास्तर इतक्यांदा दमले नव्हते.

पंधरवड्याने त्यांनी स्वतःच रोपवाटिकेचा टेंपो बोलावला. फड्यांना तेव्हा लाल फळं धरली होती. मुलगा म्हणाला, राहू द्या की बाबा. मास्तर म्हणाले, गच्ची मोकळी बरी.

पुढचे काही दिवस बायको रोज हात तपासायची. मग एकदा म्हणाली, “निघाले सगळे. एक नाही आता.”

“नीट बघ.”

“बघितलं हो.”

तिने बघितलं होतं. मास्तरांना मात्र ते कळायला मार्ग नव्हता.

सुट्टीच्या दिवशी दुपारी ते खुर्चीत बसले असताना नात आली आणि कुणाला न विचारता मांडीवर चढली. मास्तरांनी दोन्ही हात वर केले, दरोडा पडल्यासारखे. ती त्यांच्या छातीवर डोकं टेकून बोलत राहिली, बोलता बोलता झोपली आणि एका बाजूला कलू लागली.

सून दारात उभी होती. “बाबा, धरा ना तिला,” ती म्हणाली. “पडेल.”

मास्तरांनी कोपरं आत घेतली. पोरीला दोन्ही बाजूंनी त्यांचा टेकू दिला, आणि तळहात वर, हवेतच ठेवून बसून राहिले.